बाबलीच्या बरणीतला सूर्य

आधी एक सांगून ठेवते. हे वाचून कोणी घरी बादलीत वायरी सोडून बसलात, तर गाठ माझ्याशी आहे! मी कणकवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझा आवाज भिंतीपलीकडच्या वर्गात पोचतो आणि तिथली मुलंसुद्धा गप्प बसतात, असं आमचे हेडमास्तर सांगतात. तेव्हा नीट ऐका. पाणी आणि वीज यांची गाठ घालणं हा पोरखेळ नाही. बाबलीकाकांनी तो जन्मभर केला, आणि माणूस अजून धडधाकट कसा, याचं मला खरंच नवल वाटतं.

बाबलीकाका म्हणजे बाबली धुरी. मालवणजवळ समुद्राला लागून घर, धंदा वायरमनचा. कुणाचा पंप बसला, कुणाच्या लग्नाच्या मांडवात फ्यूज उडाला, की पहिली हाक "बाबलीक बोलवा!" अंगाने सुकट, बोलायला तिखट. पण ही झाली पोटापाण्याची बाजू. खरा बाबली धुरी बघायचा तर आमच्या नाटक मंडळाच्या प्रयोगाला यावं, आणि तेही पडद्यामागे.

आमचं मंडळ हौशी माणसांचं. जत्रांना, उत्सवांना गावोगाव जाऊन आम्ही पौराणिक नाटकं करतो. मी त्यात प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नटांनी पाठांतर केलेलं नसतं त्याबद्दल शिव्या मी खाते. लायटिंग बाबलीकाकांचं. त्यांचं बाकीचं लायटिंग यथातथाच, तोंडावर सांगते मी त्यांना. पण सूर्योदय? अहो, सूर्योदय करावा तर बाबली धुरींनी! नाटकाचा पहिलाच प्रवेश पहाटेचा. मिट्ट काळोख, नदीकाठी राजा उभा, आणि मागच्या कापडावर हळूहळू, अगदी डोळ्यांना न कळेल इतक्या हळूहळू दिवस उजाडतो. कुठे सुरुवात झाली ते कधी कळतच नाही.

हल्लीचे लाईटवाले बटण सरकवतात. आमच्या काकांकडे बटण नाही, बरणी आहे. लोणच्याची! चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी, कमरेला लागेल एवढी उंच. बरणीत पाणी. तळाला तांब्याची एक चकती पक्की बसवलेली, दुसरी चकती वरून कप्पीच्या दोरीला टांगलेली. हॅलोजनकडे जाणारी वीज आधी या बरणीत उतरते, एका चकतीतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्या चकतीत, आणि मग पुढे दिव्यात. चकत्या लांब असल्या की मध्ये पाणी जास्त, वीज अडखळते, दिवा मंद. दोरी सैल सोडत वरची चकती खाली आणली की पाण्यातली वाट आखूड होते आणि दिवा उजळत जातो. पूर्वी गावोगावचे नाटकवाले असंच करायचे. आता आमच्या भागात तरी हे एकटेच उरलेत. बरणीभोवती दोरी बांधून लाल फडकी लावलेली असतात. पायात रबरी चप्पल, खाली लाकडी पाट, एक हात दोरीवर आणि दुसरा पाठीमागे. त्या दोरीच्या आत कोणी पाऊल टाकलं, की काका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

आता ही बरणी आली कुठून? तीच तर भानगड आहे! विमलकाकींच्या, म्हणजे बाबलीकाकांच्या बायकोच्या आईने लेकीला लग्नात दिलेली ती. वैभववाडीकडे घाटाच्या पायथ्याशी काकींचं माहेर. आईने बिचारीने एवढी मोठी बरणी समुद्रापर्यंत धाडली ती लेकीने आंब्याचं लोणचं घालावं म्हणून. काकींनी एक वर्ष घातलंही. दुसऱ्या वर्षी बरणी नाटकाला गेली ती गेलीच.

"माझ्या आवशीन लोणच्याक दिल्यान, आणि ह्येंनी न्हेऊन सूर्याक घातली," काकी घरी येईल त्याला सांगायच्या. "सूर्य काय, रोज फुकट उगवता! त्याच्यासाठी माझी बरणी कित्याक अडकवून ठेवलास?"

यावर काका नुसते म्हणायचे, "एकदा येऊन बघ तरी गो."

पण काकी एकदाही आल्या नाहीत. आधी घरात गुरं, मग सासूचं अंथरूण, मग डोळ्यांत मोतीबिंदू. नवऱ्याचा सूर्य सगळ्या जिल्ह्याने पाहिला, घरच्या बाईने नाही. काका वरवर हसायचे, पण आत ते कुठेतरी सलत होतं. मला एकदा बोलता बोलता म्हणाले, "बाईनू, जग वाहवा करता. पण जिच्या बरणीतसून सूर्य काढलंय, तिनाच बघूक नाय."

या वर्षी मात्र योग जुळून आला. काकींचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, छान दिसायला लागलं, आणि आमचा प्रयोग ठरला तो थेट त्यांच्या माहेरच्या देवळात! काकींनी मंडळाच्या बैठकीत येऊन सगळ्यांसमक्ष सांगितलं, "मी समोर बसान बघतलंय. सूर्य माका पटलो, तर बरणी तुमची. पटलो नाय, तर थंयसूनच उचलून घराक आणतलंय. औंदाचा लोणचा त्याच बरणीत पडतला."

"कबूल!" काका म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. बोहल्यावर चढायला निघालेत असं वाटत होतं.

आणि का वाटू नये? सासुरवाडी ती! तिथे अख्खं गाव जावयाकडे बघणार. प्रयोगाच्या दिवशी टेम्पोत सामान चढवताना मी पाहिलं, काकांनी कसलेतरी कॅन आणून चादरीखाली झाकून ठेवले होते. मी विचारलं, "काय आसा ह्या?" तर डोळा मारून म्हणाले, "सासुरवाडीचो आहेर. हात लावू नको." मला वाटलं, काजू नाहीतर खोबरेल असेल. तेव्हाच चादर उचलून बघितलं असतं तर पुढची सगळी धावपळ वाचली असती. पण मग हे लिहायलाही काही उरलं नसतं.

देवळापुढच्या पटांगणात रंगमंच उभा राहिला. संध्याकाळची आरती होईपर्यंत आम्हाला विजेची लाईन मिळणार नव्हती, देवस्थानाची तशी रीतच. तोवर काकांनी बरणी बसवली, कुणालाही जवळ येऊ न देता तिच्यात पाणी भरलं, आणि मग नेहमीप्रमाणे तिच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळे हात जोडून मागे उभे.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या दारात आज ह्यो लेकरांचो खेळ आसा, तो तू पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाक शॉक लागांदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

"आणि सूर्य येळार उगवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आरती झाली, लाईन मिळाली. रंगमंचाचा पडदा पाडलेला. पलीकडे माणसं जमू लागली होती. पहिल्याच रांगेत, अगदी मधोमध, नवीन चष्मा लावून विमलकाकी. शेजारी त्यांच्या बालमैत्रिणी, भाचवंडं, चुलत्या, सगळं माहेर. काकांनी बरणीचा वेगळा मेन स्विच दाबला. बाकीचे दिवे आधीच लागलेले. पाटावर उभं राहून त्यांनी दोरी सोडायला सुरुवात केली.

चकती पाण्यात गेली. अंधार. आणखी खाली. अंधारच! हॅलोजन मेल्यासारखा गप्प. काकांनी दोरी आणखी सोडली, चकती पार तळाशी टेकली, तांब्याला तांबं लागलं, आणि भक्क! डोळे दिपवणारा उजेड. दोरी जराशी ओढली, की गुडुप्प अंधार. पुन्हा टेकवली, भक्क. पुन्हा ओढली, गुडुप्प.

"आवशीचो घो!" काका पुटपुटले. "ह्यो सूर्य की काजवो?"

मी तिथेच उभी होते. आता जरा डोकं चालवा माझ्याबरोबर. चकत्या टेकल्यावर दिवा लागतोय, म्हणजे दिवा बरा, वायर बरी, चकत्या बऱ्या. चकत्यांमध्ये बोटभर जरी पाणी आलं तरी सगळं बंद. मग खोट कशात? पाण्यात!

"काका, आधी मेन बंद करा," मी म्हटलं. "आणि सांगा, पाणी खंयचा घातलास?"

काकांनी मेन बंद केला. छाती पुढे काढली. "नेहमीचा घरच्या बावीचा नाय हां! आज पयल्यांदा बाजारातसून इकत हाडलंय. एकदम शुद्ध. बॅटरीचा पाणी!"

मी कपाळावर हात मारला. इतक्या जोरात मारला की टिकली बोटाला चिकटून आली.

"बॅटरीचा पाणी?"

"मगे! बॅटरीत काय र्‍हवता? करंट! तेच्यात घालतत ता पाणी, मगे करंटाक ह्याच्यापेक्षा बरा पाणी खंयचा आसतला? सासुरवाडीत इलंय बाईनू, बायल समोर बसली हा. बावीचा मचूळ पाणी घेऊन येवचा?"

बघा म्हणजे! माणूस आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी सगळ्यांत चांगलं पाणी आणायला गेला, आणि नेमकं तेच घेऊन आला ज्यातून वीज जायलाच तयार नसते. मला हसू आवरेना, रागही आवरेना. आता या माणसाला रागवायचं तरी कसं?

"काका, बॅटरीत करंट वाहतो तो पाण्यामुळे नाय. आतल्या ॲसिडमुळे. चार्जिंग करताना नुसता पाणी उडान जाता, ॲसिड थंयच र्‍हवता. म्हणून वरसून नुसता पाणी घालतत. तेच्यात दुसरा काय्येक असता नये, नायतर बॅटरी खराब होता. वाफ करून, ती थंड करून काढलेला पाणी ता! तेच्यात काय्येक नाय. मीठ नाय, चुनो नाय, माती नाय."

"बरा आसा मगे! शुद्धच व्हया ना?"

"नको शुद्ध! तुमची खाडी आठवा काका. पैलतीरी माणूस जावचो आसा. मधी नुसता पाणी. होडी नाय. कसो जातलो?"

"रडत बसतलो काठार."

"तसाच करंट बसलोहा वरच्या चकतीर! पाण्याचो कण स्वतः ना अधिक, ना उणो. तो वीज उचलून न्हेत नाय. मीठ पाण्यात पडला की तेचे दोन तुकडे होतत, एक अधिकाचो, एक उण्याचो. ते झाले होडये, होडी वल्हवणारे. एक हंयसून थंय, दुसरो थंयसून हंय. वीज न्हेतत ते! तुमच्या समुद्राकडल्या बावीत अशे होडये आधीपासूनच भरपूर, कारण पाणी मचूळ. म्हणून जन्मभर तुमचो सूर्य उगवलो!"

काकांनी बरणीत डोकावून बघितलं. "म्हणजे ह्याच्यात एकय होडी नाय?"

"अगदी नाय असा नाय. पाण्याचे कण अधूनमधून आपले आपण फुटतत. पण कोटी-कोटींमागे एखादो. तेवढ्यात हॅलोजन पेटणा नाय." (आणि हे वाचून तुमच्या न्हाणीघरातलं पाणी निर्धोक समजू नका. ते असं शुद्ध नसतं. ओला हात बटणाला लावाल तर खबरदार!)

इतक्यात राजा आत आला. राजा म्हणजे गुरुदास, आमचा दिग्दर्शक, मुकुट घातलेला आणि घामाघूम. "काय झाला? पाच मिंटात नांदी सुरू करतंय मी. नांदी संपली की सूर्य व्हया!"

त्याच्या मागे कणकवलीचा मितेश, देवस्थानाने बाहेरच्या रोषणाईसाठी बोलावलेला लाईटवाला. पोरगा चांगला, मनाने साधा. म्हणाला, "काका, माझो एलईडी आसा. एक बटण. मी करू सूर्य?"

गुरुदास म्हणाला, "नांदी संपेपर्यंत तुमचो झालो तर तुमचो. नायतर मितेशचो."

 काकांनी पडद्याच्या फटीतून एकदा बाहेर बघितलं. काकी चष्मा पुसत होत्या. काका मागे फिरले ते बाहीने डोळे पुसतच. "बाईनू, ती चाळीस वर्षांनी बघूक इली हा. आणि सूर्य मितेशचो बघतली?"

मग माझ्या अंगात संचारलं! "रडू नका! पाणी बदला!" देवळामागे डोंगरातून येणारा झरा. आम्ही बरणीतलं निम्मं पाणी उपसून ओतलं आणि घागरींनी झऱ्याचं भरलं. मेन चालू. काकांनी दोरी सोडली. दिव्यातली तार अगदी कळेल न कळेल अशी लालसर झाली, विझत आलेल्या उदबत्तीएवढी. बस्स! त्याच्या पुढे सरकेना. घाटाखालचं ते गोड, हलकं पाणी. त्यात क्षार होते, पण बेताचे. प्यायला अमृत, आमच्या कामाला कुचकामी.

"मीठ व्हया," मी म्हटलं. "मूठभर मीठ! कोणाकडे आसा?"

आमच्या सामानात मीठ कुठलं! काकांना जन्मात कधी लागलंच नव्हतं. गावातलं दुकान लांब, आणि दुकानदार ते बंद करून गर्दीत कुठेतरी बसलेला. मी पदर खोचला आणि धावत सुटले ती देवळाला लागूनच असलेल्या काशीबाईंच्या घरात. काशीबाई म्हणजे विमलकाकींची वहिनी. प्रयोगानंतर आम्हा सगळ्यांचं जेवण त्यांच्याकडे होतं, म्हणून त्या अजून चुलीपाशीच. मागे घंटा वाजली. नांदी सुरू झाली होती.

"काशीवैनी, मूठभर मीठ द्या! लवकर!"

काशीबाईंचा हात भांड्यावरच थांबला. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. समई लागलेली होती.

"गो बाय, दिवो लागलो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता ता मागू नको."

बोंबला! मी विसरलेच होते. दिवेलागणीनंतर घरातलं मीठ बाहेर द्यायचं नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. माझी आईही देत नसे. नाव घेतलेलंही तिला चालत नसे.

"वैनी, खाण्यासाठी नाय ओ. बरणीत घालूचा आसा. बाबलीकाकांचो सूर्य अडलोहा!"

"भावजींसाठी जीव देयन मी. पण ता आता उंबऱ्याभायर जाणा नाय. सकाळी सगळा पोता न्हे."

"सकाळी सूर्य तुमच्या परसातच उगवतलो, तो घेऊन मी काय करू?" मी जवळजवळ ओरडलेच. संताप आला हो! इकडे नांदीतली सूत्रधाराची तान चढत चाललेली, आणि इथे मिठाच्या मडक्यापुढे ही बाई हात पसरून उभी. पण तिचे डोळे बघितले आणि गप्प झाले. तिलाही वाईट वाटत होतं. नणंदेच्या नवऱ्याचं काम अडतंय आणि आपण नाही म्हणतोय, याने ती अगदी कानकोंडी झाली होती.

"रिकाम्या हातान कशी धाडू तुका?" ती इकडे तिकडे बघत म्हणाली. "नारळ न्हे. गूळ न्हे. सोलकढीसाठी आगळाच्यो बाटल्यो काढलेल्यो आसत, व्हयो तर एक तोंडात घालूक..."

मी दारातून वळले होते. तशीच गर्रकन फिरले. आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस!

"आगळ?"

"व्हय गो. घरच्या रातांब्यांचो."

"काशीवैनी! आगळात मीठ... म्हणजे ता... किती घालतास?"

"किती म्हणजे? खळखळून! नायतर वर्सभर टिकतलो कसो?"

"आगळ दिवेलागणीनंतर देतास?"

काशीबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडे बघितलं, एकदा बाटल्यांकडे. मग त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "आगळाक कोणी कधी बंदी केली नाय, बाय. आगळ तो आगळ!"

मी दोन्ही काखांत दोन बाटल्या मारून पळाले. आयुष्यात इतकी जोरात मी शाळेच्या इन्स्पेक्शनच्या दिवशीसुद्धा पळाले नाही. पडद्यामागे गुरुदास मुकुट सारखा करत होता, मितेश बटणाजवळ अवघडून उभा होता, आणि काका पाटावर बसलेले, दोरी मांडीवर.

"मेन बंद!" मी ओरडले. "आगळ आणलंय!"

"आगळ?" काका उठले. "बाईनू, सूर्याची सोलकढी करतास काय?"

"गप र्‍हवा! मीठच आसा ह्या, लाल लुगडा नेसलेला!"

थोडासाच ओतला. एकदम सगळा ओतला असता तर चकती पाण्याला लागताच दिवा भक्कन पेटला असता आणि पहाट हुकली असती. काठीने ढवळलं. बरणीत लालजर्द ढग पसरले. काकांनी हॅलोजन काढून पडद्यामागचा साधा बल्ब जोडला, कुणाला बाहेर उजेड दिसू नये म्हणून. मेन चालू. दोरी सैल. बल्ब लागला! पण अजून मिणमिणता. मेन बंद. आणखी आगळ. ढवळा. मेन चालू. आता वरून खाली येता येता बल्ब फुलत गेला, पिवळा, मग पांढरा, आणि वर ओढताच पुन्हा विरत गेला. काकांचा तो दोरीवरचा हात! एक वीत वर, अर्धी खाली, पुन्हा वर. हाताला पाण्याची नाडी सापडली होती.

"होडये लागले बाईनू!" ते कुजबुजले. "लाल होडये!"

हॅलोजन पुन्हा जोडला तेव्हा बाहेर नांदीचा शेवटचा नमस्कार चालला होता. मितेशने आपलं बटण सोडलं आणि लाल फडक्यांच्या दोरीबाहेर हात जोडून उभा राहिला. मी संहिता उचलून विंगेत गेले. तिथून मला रंगमंचही दिसतो आणि पहिली रांगही.

पडदा वर गेला. मिट्ट काळोख. पटांगणातली कुजबुज थांबली. कुठेतरी एक लहान मूल रडायला लागलं आणि आईने त्याला छातीशी घेतलं. मग मागच्या कापडाच्या तळाशी काहीतरी झालं. उजेड म्हणावा असं काही नव्हतं, पण आधीइतका अंधारही राहिला नव्हता. मग राजाच्या मुकुटाची कड दिसली. मग खांदे. मग ओंजळ. कापड राखाडी झालं, मग केशरी, मग सोनेरी, आणि त्यात कुठेही धक्का नाही, कुठेही अडखळ नाही. अंगावर काटा आला हो माझ्या! इतके प्रयोग केले, पण असा उजाडलेला दिवस मी नाही बघितला. गुरुदास अर्घ्य द्यायचं सोडून मागे वळून बघत राहिला, आणि पुढचं वाक्य पार विसरला. मी सांगितलं, तेही त्याने ऐकलं नाही.

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. विमलकाकी उठून उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावर पदर घेतला, पायांतल्या चपला बाजूला सारल्या, आणि रोज सकाळी अंगणात उभ्या राहून करतात तसे दोन्ही हात जोडले. डोळे मिटले. त्यांचं बघून शेजारची उठली, मग तिच्या शेजारची. बघता बघता बायकांची सगळी रांग उभी राहिली, हात जोडून, त्या कापडावरच्या उजेडाकडे तोंड करून. टाळी एकही नाही. देवासमोर कोण टाळ्या वाजवतं?

बाबलीकाकांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते बरणीपाशी, पाठ रंगमंचाकडे, एक हात दोरीवर, दुसरा पाठीमागे. पाणी तापून वाफ यायला लागली होती आणि आमसुलाचा आंबट वास थेट पुढच्या रांगेपर्यंत पोचला होता. पहिला अंक संपला तशी मी धावत त्यांच्याकडे गेले.

"बाईनू," त्यांनी मेन बंद केला आणि घाबरत घाबरत विचारलं, "तिना काय केल्यान?"

"उभी र्‍हवली. हात जोडल्यान."

काका दचकले. "माका?"

"नाय ओ. सूर्याक."

काकांनी डोळे मिटले. एक मोठा श्वास सोडला आणि पाटावर बसले. "मगे जमला," ते म्हणाले. आणि रडायला लागले, अगदी हुंदके देऊन. मीही रडले, लपवत नाही. दोघं बसून रडत होतो आणि मधूनच हसत होतो. "आख्खो जन्म मी म्हणी, पाणी करंट न्हेता," काका नाक पुसत म्हणाले. "नाव पाण्याचा, आणि काम मिठाचा!"

तेवढ्यात विंगेच्या कापडाआडून विमलकाकी आत आल्या. मागे काशीबाई.  काकी लाल फडक्यांची दोरी वर करून आत शिरल्या, आणि काका पहिल्यांदाच कुणाच्या सात पिढ्यांवर गेले नाहीत. काकींनी बरणीत वाकून बघितलं. लालभडक, कढत पाणी. नाकाशी पदर धरला.

"माझ्या आवशीच्या बरणीत आगळ कोणी घातल्यान?"

काका उठून उभे राहिले. शाळेतल्या पोरासारखे, हात बाजूला.  

काकींनी बरणीच्या काठावरून हात फिरवला. आईने दिलेली वस्तू ती, इतक्या वर्षांनी माहेरी आलेली.  मग पदराने काठावरचा आगळाचा ओघळ पुसला आणि वहिनीकडे वळून म्हणाल्या,

"काशी, घराक चार प्लास्टिकचे डबे आसतले तर माका दी गो. लोणचा काय, डब्यातय र्‍हवता."